तिसगावात माझी बोलती बंद

आमच्या घरी मला 'भोंगा' म्हणतात. नवरा कौतुकानं म्हणतो, सासूबाई नुसत्याच म्हणतात. शाळेत प्रार्थना सांगायला मी, गणपतीत सूत्रसंचालनाला मी, सोसायटीत उद्या पाणी येणार नाही हे ओरडून सांगायलाही मीच. त्यामुळे आमच्या ऑफिसनं लहान मुलांच्या औषधपाण्याचं ॲप करायला घेतलं आणि ज्या आईबापांना दिसत नाही त्यांच्यासाठी ते बोलकं करायचं ठरलं, तेव्हा आवाज कुणाचा, हा प्रश्नच आला नाही. पंखा बंद करून, दार लावून, घामाघूम होत मी तीन दिवस रेकॉर्डिंग केलं. "ताई, बाळाच्या औषधाची वेळ झाली हं!" त्या 'हं'मध्ये मी काय माया ओतली होती म्हणून सांगू! (ॲपचं नाव मात्र सांगत नाही. जाहिरात केली असं वाटायला नको.)

आणि एके दिवशी ऑफिसात फोन आला. "मॅडम, जय भीम. तिसगावहून लता बोलते, गावची आशा वर्कर. आमच्या हितं एक आंधळी आई हाय, सोनाली. ती तुमचं ॲप वापरती. त्यातली बाई लई बोलती हो!"

"थँक्यू, थँक्यू," मी म्हणाले.

"न्हाई वो, तक्रार हाय ती," लताताई म्हणाल्या.

माझ्या आवाजाची तक्रार! बावन्न वर्षांत पहिल्यांदा. म्हटलं, जाऊन बघतेच कोण ही सोनाली. कपडे भरले आणि निघाले. रागानंच निघाले होते, खोटं कशाला सांगू.

केडगाव

एसटीच्या पाटीवर ठळक अक्षरांत 'अहिल्यानगर' आणि कंडक्टरच्या तोंडात अजून "नगर, नगर, नगर!" मी केडगावला उतरले. तिथे माझी मामेबहीण शोभा राहते. पुण्याच्या रस्त्यावरचं पहिलं ठिकाण म्हणून नगरला जाणारा आमचा प्रत्येक नातेवाईक आधी तिच्या घरी जेवतो आणि मग कामाला जातो. मी तरी कशी चुकू? तिनं हुलग्याची शेंगोळी केली होती. आमच्याकडे पुण्यात शेंगोळी म्हणजे ताटात कोपऱ्यात नावापुरती, शोभाकडे परातभर, वर कच्चं तेल, आणि "एवढीच? पुण्यात तुला खायला घालतात का नाही?" हा प्रश्न.

जेवणानंतर मी डोळ्यांना ओढणी बांधली आणि तिला म्हटलं, "बघ, मी आंधळ्या माणसासारखं ॲप वापरून दाखवते." फटाफटा सगळं केलं. मुलाचं नाव घातलं, औषध घातलं, 'दिलं' दाबलं. एकही चूक नाही. ओढणी सोडून मी विजयी मुद्रेनं तिच्याकडे पाहिलं.

शोभा भांडी विसळत होती. मागं न बघता म्हणाली, "ते तूच केलंयस ना? मग तुला पाठ असणारच. मला माझ्या घरात लाइट गेली तरी मीठ सापडतं."

मला ते झोंबलं. पण शेंगोळी इतकी छान झाली होती की भांडण काढलं नाही.

तिसगाव

करंजीचा घाट उतरलं की हवा बदलते. उन्हाला धार येते आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना काढणीला आलेली बाजरी दिसायला लागते. दूरवर गर्भगिरीचे डोंगर, तेही पावसाळ्यानंतरचे चार दिवस अंगावर हिरवं पांघरून बसलेले. तिसगावच्या स्टँडवर लताताई स्कूटी घेऊन उभ्या होत्या. चाळिशीच्या, ठेंगण्या, गुलाबी साडीतल्या. त्यांनी माझी बॅग पायाशी ठेवली आणि गाडी सुरू करतानाच सगळी हकिकत सांगून टाकली.

सोनाली पंचवीस वर्षांची. जन्मापासून दिसत नाही, फार तर ऊन आहे की सावली एवढं कळतं. तिची मुलगी ईश्वरी चार वर्षांची, डोळ्यांनी ठणठणीत, पण तिला आकडी येते. नगरच्या डॉक्टरांनी पातळ औषध दिलंय, सकाळी आठ आणि संध्याकाळी आठ. चुकवायचं नाही आणि जास्तही द्यायचं नाही. आजवर ते सासू द्यायची, आता महिनाभर सोनाली शिकत होती. सासूचं नाव गयाबाई.

"आन् आता गयाबाई चालल्यात ऊसतोडीला," लताताई म्हणाल्या. "चार दिवसांनी टेम्पो येनार. दोन मानसांचा एक कोयता धरत्यात ना, तसा गयाबाई आन् दत्ता, सोनालीचा नवरा, माय-लेकाचा एक कोयता. सा म्हैने बाहेर. मग पोरीला औषध कोन देनार? म्हनून गयाबाई म्हनत्यात, पोरगी मी संगं नेते."

"मग न्यावं की."

लताताईंनी गाडीचा वेग कमी केला. "कोपीत, पाचटाच्या खोपटात नेऊन? धूळ, धूर, झोप धड न्हाई. मागल्या साली नेली हुती, चारदा आकडी आली. अंगनवाडी बुडली ती येगळी. सोनाली म्हनती, पोरगी माझ्यापशी राहू द्या, औषध मी देते. गयाबाई म्हनत्यात, तुला दिसत न्हाई, इस्वास कसा ठिवू?"

तेव्हा कुठे माझा राग उतरला. मी आवाजाच्या तक्रारीसाठी आले होते, आणि इथे आईजवळ लेक राहणार की नाही याचा निकाल लागायचा होता.

ओढ्यापलीकडे चार घरांची वस्ती. दारात गयाबाई बसल्या होत्या, कोयत्याची मूठ पायात धरून पात्याला कानस लावत होत्या, खर्र खर्र. साठीच्या, काटक, कपाळाला रुपयाएवढं कुंकू. मी आपलं नेहमीच्या पद्धतीनं खणखणीत म्हटलं, "नमस्कार! मी पुण्याहून आले."

आतून एकदम हसू फुटलं. "आत्या! फोनमधली बाई आली!"

अशी माझी सोनालीशी ओळख झाली. ईश्वरी पळत बाहेर आली, आईचा फोन हातात. तिनं माझ्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं, मग फोन उलटा करून त्याच्या पाठीमागे पाहिलं. बहुतेक मी कुठून बाहेर पडले ते शोधत होती.

सोनालीला मी म्हटलं, "तक्रार काय आहे गं माझ्या आवाजाची?"

"आवाज चांगला हाय मॅडम. पन असं बसा, दावते." आंधळ्यांच्या शाळेत दहावीपर्यंत शिकलेली, त्यामुळे बोलणं धीट. तिनं फोन हातात घेतला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: न दिसणाऱ्या माणसांच्या फोनमध्ये पडदा वाचून दाखवणारी सोय असते. बोट जिथे फिरवाल तिथे काय लिहिलंय ते फोन बोलतो. सोनालीनं त्याचा वेग इतका वाढवून ठेवला होता की मला एक अक्षर कळेना, नुसतं 'चिक्चिक्चिक्'. तिला मात्र सगळं कळत होतं. दुकानाचा नंबर, बसची वेळ, दत्ताचा मेसेज, सगळं झरझर. मी थक्क झाले. मग तिनं आमचं ॲप उघडलं.

फोन बोलायला लागला, आणि त्याच्या डोक्यावर बसून मी बोलायला लागले. "ताई, नमस्कार! आपलं मनापासून स्वागत आहे हं! खाली डावीकडे हिरवं बटण..." फोन काय म्हणत होता ते माझ्या मायेखाली पार बुडून गेलं. मी बोलून संपले तोवर तो गप्प. तिनं परत बोट फिरवलं, परत मी सुरू.

"दोन बाया एकदम भांडत्यात असं हुतं," सोनाली म्हणाली. "माझी बाई सांगत असती, तेवढ्यात तुमी मधी बोलता. आन् तुमी म्हनता हिरवं बटन. मला हिरवं काय ठावं?"

मी पाण्याचा तांब्या उचलून सगळा प्यायले. दुसरं काय करणार?

औषध मोजायचं म्हणजे सुईबिगरची पिचकारी. तिच्या दांड्याला दत्तानं खुणेसाठी दोरा बांधून दिला होता, तिथवर ओढायचं. सोनाली बोटानं दोरा चाचपून ओढायची, पण दोरा कधीतरी सरकायचा, म्हणून लताताई दोन वेळा येऊन बघून जायच्या. औषध देऊन झालं की सोनाली एका वाटीतला चिंचोका उचलून दुसऱ्या वाटीत टाकायची. चौदा चिंचोके म्हणजे आठवडा. मला ते फार आवडलं, पण गयाबाईंना नाही.

"चिंचुके काय, शेळीबी हलवून जाईल," त्या म्हणाल्या. आणि मग माझ्याकडे बघून, कोयता खाली ठेवून, अट सांगितली. "टेम्पो यायला चार दिस हायेत. तवर हिनं एकटीनं द्यावं औषध. एकदाबी चुकली, तर पोरगी माझ्यासंगं. न्हाई चुकली, तर राहू दे आईपशी. मी काय वैरीन न्हाई तिची."

वैरीण नव्हत्याच त्या. ईश्वरीला आकडी आली की तिला कुशीवर वळवून, मांडीवर घेऊन, आकडी जाईपर्यंत घड्याळाकडे बघत बसणारी बाई ती. तिच्या डोळ्यांत मला भीतीच दिसली.

दुसरा दिवस

सकाळी आठ. मी ओसरीवर बाजरीची भाकरी आणि खर्डा खात होते. पुण्यात मी सकाळी टोस्ट खाते, पण इथे सहाला उठून, ओढ्यापर्यंत फिरून आल्यावर दोन भाकरी कुठे गेल्या कळलंही नाही. गयाबाई अंगणात कानस घासत होत्या. सोनालीनं बाटली हलवली, दोरा चाचपला, पिचकारी भरली, लताताईंनी हात न लावता नुसतं वाकून पाहिलं, बरोबर होतं. ईश्वरीनं तोंड वाकडं करत औषध घेतलं. चिंचोका या वाटीतून त्या वाटीत. मग सोनालीनं फोनवर 'दिलं' दाबायला बोट फिरवलं.

"बटण, नाव नाही," फोन म्हणाला. "बटण, नाव नाही. बटण, नाव नाही."

आमच्या ॲपमध्ये तिथे तीन गोल होते. हिरव्यात बरोबरची खूण, पिवळ्यात घड्याळ, लाल गोलात फुली. दिसायला देखणे. फक्त कुणीही त्यांना आतून नावं दिली नव्हती, त्यामुळे फोन तरी काय वाचणार? सोनालीनं अंदाजानं एक दाबलं. ते घड्याळाचं निघालं, म्हणजे 'थोड्या वेळानं आठवण करा'.

लताताई दुसऱ्या घरी गेल्या, सोनाली पाणी भरायला मागे गेली. दहा मिनिटांनी फोनमधून माझा आवाज, चांगला मोठा: "ताई, बाळाचं औषध अजून दिलेलं नाही हं!"

गयाबाईंनी कानस टाकली आणि धावत घरात गेल्या. आम्ही काही म्हणायच्या आत बाटली हातात, टोपणात औषध ओतलेलं, ईश्वरीची हनुवटी धरलेली.

"आत्या, दिलं म्या!" सोनाली मागून ओरडली.

"मग ही बाई काय म्हनती?"

"मी दिलंय! वाटी बघा!"

"वाटी! अगं, ती पुन्याची शिकल्याली बाई खोटं बोलंल व्हय?"

माझ्या तोंडात घास होता. तो तसाच घेऊन मी उठले आणि गयाबाईंचा हात धरला. "गयाबाई, थांबा. दिलंय तिनं, मी पाहिलं. ती फोनमधली बाई मीच आहे. आणि मी खोटं बोलले."

गयाबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग फोनकडे. "तुमी हितं बसल्यात. मग आत कोन बोलतंय?"

कसंबसं समजावलं. त्यांनी टोपणातलं औषध परत बाटलीत न ओतता अंगणात टाकलं. थोडक्यात वाचलो होतो आम्ही. पोरीच्या पोटात दुप्पट औषध गेलं असतं, तेही माझ्या शब्दावर.

गयाबाई हळू म्हणाल्या, "आज तुमी हुत्या म्हनून धरला माझा हात. मी गेल्याव कोन धरंल? एकदा चुकलं. पोरगी माझ्यासंगं."

सोनाली चुलीपाशी बसली होती. रडली नाही. माझ्याकडे तोंड करून एवढंच म्हणाली, "मॅडम, चूक तुमची हुती. पदरात माझ्या पडली."

भोंगा बंद.

श्रीरामपूर

सोनालीनंच सुचवलं. "आमच्या साळवे बाईंना विचारा. शाळेत आमाला हुत्या. त्याबी आंधळ्याच. त्यांना सगळं म्हाईत असतं."

साळवे बाई निवृत्त होऊन श्रीरामपुरात राहतात. तिसगावहून नगर, नगरहून राहुरीमार्गे श्रीरामपूर. राहुरीच्या पुढं रान एकदम ओलं होतं, कालवे, हिरवागार ऊस. सकाळी ज्यांना ऊसतोडीची तयारी करताना पाहिलं त्यांच्या दारात कुसळं, आणि इथे उसाची नुसती भिंत. एकाच जिल्ह्यात एवढा फरक.

एसटीत मी कानात वायर घालून ॲप तपासत बसले होते. वायर कधी निसटली कळलं नाही, आणि भरल्या गाडीत माझा आवाज घुमला: "ताई, बाळाचं औषध अजून दिलेलं नाही हं!"

पुढच्या बाकावरची म्हातारी वळून म्हणाली, "अगं बाई, मग दे की! मोबाईल काय बघती?" शेजारची म्हणाली, "आजकालच्या आया!" बावन्नाव्या वर्षी मला एवढं ऐकून घ्यावं लागलं, तेही माझ्याच आवाजापायी.

साळवे बाईंचं घर चर्चच्या मागच्या गल्लीत. दार उघडताच त्या म्हणाल्या, "या, दमलात. चपला जोरात ओढताय." त्यांनी स्वतः चहा केला. कपात ओतताना कान कपाकडे, आवाज बदलला की हात थांबला, एक थेंब बशीत नाही. मला चहाबरोबर नानकटाई दिली आणि म्हणाल्या, "सांगा आता."

मी सगळं सांगितलं. रेकॉर्डिंगचे तीन दिवसही सांगितले, जरा अभिमानानंच. त्यांनी ऐकून घेतलं.

"बाई, रागवू नका," त्या म्हणाल्या. "आमचा फोन आधीपासून बोलतो हो. तुम्ही त्याला बोलकं करायला गेलात, तिथेच गफलत झाली. प्रत्येक बटणाला नाव द्या आणि तुम्ही गप्प बसा."

"पण माया..."

"माया सोनाली करेल. आई आहे ती."

मी नानकटाई चहात बुडवली, ती तुटून कपात पडली. बाईंना ते ऐकू आलं असावं, कारण त्यांनी चमचा पुढे केला.

"आणि दुसरं," त्या म्हणाल्या. "औषध दिलं नाही, आणि औषधाची नोंद झाली नाही, या दोन गोष्टी एक आहेत का?"

"नाही."

"मग तुमचं ॲप त्या एक का धरतं? त्याला दिसलंय का काही? जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणा."

इतकी वर्षं या धंद्यात घालवली, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तिथूनच मी पुण्याला मेघनाला फोन लावला. मेघना म्हणजे आमच्याकडची प्रोग्रॅमर, माझ्या निम्म्या वयाची.

"मेघना, तिन्ही गोलांना नावं दे. 'औषध दिलं', 'नंतर आठवण करा', 'आज दिलं नाही'. आणि 'दिलेलं नाही' हे वाक्य काढ. 'नोंद झालेली नाही, आधी विचारून घ्या' असं लिही. आणि माझा आवाज काढ."

"कुठला?"

"सगळा."

"मॅडम, नक्की? तुम्ही पंखा बंद करून..."

"काढ म्हटलं ना!" मी ओरडले. साळवे बाई गालात हसल्या.

निघताना दोऱ्याचं विचारलं, तो सरकतो म्हणून. बाई म्हणाल्या, "दोरा कशाला? दांड्याला खाच पाडायची. ओढताना खाच बाहेर आली आणि नख तिच्यात अडलं की तेवढं माप. डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या. कानस हवी फक्त बारीक. मिळेल का तिथं?"

मला हसूच आलं. त्या घरात दुसरं काही नसलं तरी कानस होती.

परत तिसगाव

दुसऱ्या दिवशी नवं ॲप आलं. सोनालीनं बोट फिरवलं. "औषध दिलं, बटण." चिक्चिक्. "नंतर आठवण करा, बटण." मी शेजारी बसून तोंडावर पदर धरला होता, सवयीनं काही निघू नये म्हणून. सोनालीनं सगळं एकदा फिरून पाहिलं आणि म्हणाली, "आता घर झाडल्यासारखं वाटतंय." माझा आवाज म्हणजे तो केर. पण ती इतकी खुशीत होती की मलाही हसू आलं.

खाच पाडायचं काम दत्ता करणार होता. पण गयाबाईंनी त्याच्या हातातून पिचकारी काढून घेतली. "दे हिकडं. कानस मी चालवते रोज." लताताईंनी मापाची रेघ दाखवली, गयाबाईंनी दांडा पायाच्या अंगठ्यात धरला आणि कोयत्याला लावतात ती कानस, पण अगदी अलगद, दोनच वेळा फिरवली. पाणी भरून लताताईंनी पाच वेळा माप तपासलं, पाचही वेळा रेघेवर. फोटो काढून नगरच्या डॉक्टरांना पाठवला, त्यांनीही चालेल म्हणून सांगितलं.

मग गयाबाईंनी जे केलं ते मी कधी विसरणार नाही. त्यांनी डोळे मिटले. घट्ट. पिचकारी पाण्यात धरली, हळूहळू दांडा ओढला आणि थांबल्या. अंगठ्याचं नख खाचेत अडलं होतं. डोळे न उघडताच त्यांनी विचारलं, "लता, बराबर हाय का?"

"बराबर हाय."

"हां," गयाबाई म्हणाल्या. "अडतंय की." मग आणखी एकदा केलं. मग आणखी एकदा. डोळे उघडले तेव्हा त्या सोनालीकडे जशा बघत होत्या तशा मी त्यांना आधी बघताना पाहिलं नव्हतं. "पुन्ना पयल्यापासून धरू," त्या म्हणाल्या. "तवाची चूक धरत न्हाई मी."

त्या संध्याकाळचं औषध बिनचूक गेलं. पुढच्या दिवसाचं, दोन्ही वेळचं, तेही. मी चौथ्या दिवशी निघणार होते, पण पाय निघेना. ऑफिसात खोकल्याचं निमित्त सांगितलं. खोकला खोटा होता, पण सुट्टी खरी मिळाली.

एक अडचण राहिली. ॲप घरच्या दुसऱ्या माणसाला मेसेज पाठवतं, औषध दिलं म्हणून. गयाबाईंचा बटणांचा फोन, आणि वाचता येत नाही; दत्ताकडून कळलेलं त्यांना चालणार नव्हतं. मी डोकं खाजवत होते. आवाजाचा मेसेज, मेघनाला विचारू, काहीतरी नवीन करू.

"काय नको मॅडम," सोनाली म्हणाली. "आत्या, मी मिस कॉल देते. एक रिंग म्हंजी दिलं."

"आन् लई वाजला तर?"

"तर उचला. कायतरी हाय म्हनून समजा."

झालं! पुण्यात सहा महिने बैठका घेऊन जे आम्हाला सुचलं नाही, ते तिनं भाकरी थापता थापता सांगितलं.

टेम्पोचा दिवस

सकाळी साडेसातलाच टेम्पो ओढ्याच्या अलीकडे रस्त्यावर येऊन उभा राहिला. वर पत्रे, बांबू, भांडी, कोंबड्यांची खुराडी, माणसं. दत्तानं ईश्वरीला कडेवर घेऊन पुन्हा पुन्हा मुके घेतले आणि वर चढला. गयाबाईंच्या हातात त्यांचं बोचकं होतं आणि दुसऱ्या हातात एक छोटं, फुलाफुलांच्या फडक्यात बांधलेलं. ईश्वरीचे कपडे. त्यांनी ते बांधून ठेवलेच होते.

"आज मी घरात थांबत न्हाई," त्या सोनालीला म्हणाल्या. "मी गेल्याव कसं हुईल ते बघू दे. लता, तूबी चल माझ्यासंगं. मॅडम, तुमीबी."

आम्ही तिघी ओढा ओलांडून टेम्पोपाशी येऊन उभ्या राहिलो. घरात फक्त माय-लेकी. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मुकादम ओरडत होता, "मावशी, चला, पोचायचंय!" गयाबाई हलल्या नाहीत. त्यांनी बोचकं खाली ठेवलं, छोटं मात्र छातीशी धरलं, आणि दुसऱ्या हातात फोन. आठ वाजले. आठ वाजून एक मिनिट. दोन. माझ्या ओठांवर आलं होतं की मी पळत जाऊन बघून येते. लताताईंनी माझा दंड धरला होता म्हणून, नाहीतर गेलेच असते.

फोन वाजला. एकदा. आणि थांबला.

गयाबाई फोनकडे बघत राहिल्या, तो परत वाजतो का म्हणून. नाही वाजला. ओढ्यापलीकडे सोनाली दारात आली होती, ईश्वरी तिचा हात धरून उड्या मारत होती. गयाबाईंनी ते फुलाफुलांचं बोचकं माझ्या हातात दिलं.

"हे घरात ठिवा," त्या म्हणाल्या. आणि पदरानं तोंड पुसत टेम्पोत चढल्या.

मी ते बोचकं घेऊन ओढ्यातून परत आले. रडत आले, सांगायला लाज कसली? सोनालीच्या हातात दिलं. तिनं गाठ चाचपली, आतला झगा ओळखला आणि गाठ सोडली. मग म्हणाली, "मॅडम, तुमालाबी देऊ का रोज मिस कॉल? तुमाला काळजी लागून राहील."

"दे गं," मी म्हटलं.

पुण्याला आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी आठला फोन वाजला. सवय कुठे जाते? मी झडप घालून उचलला आणि सुरू झाले, "हॅलो सोनाली, कशी आहेस, ईश्वरी काय म्हणते, जेवलीस का..."

"मॅडम," सोनाली पलीकडून म्हणाली, "उचलायचा न्हाई!" आणि फोन ठेवला.

आता रोज सकाळी आठला एकदा आणि संध्याकाळी आठला एकदा माझा फोन वाजतो. नवरा आतून विचारतो, "कोणाचा गं?" मी हात पुसते, फोनकडे बघत उभी राहते, आणि थांबला की पुन्हा कामाला लागते. उचलत नाही.